ट्यूबवाली एअर गादी: काम चोख, पण हवा गेली तर कळत नाही

परवा चादर बदलताना गादीची नळी पंपावरून निसटली आणि आईला कुशीवर वळवायची वेळ होईपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही. पंप घुरघुरत होता, हिरवा दिवा लागलेला होता आणि आई चपट्या रेक्झिनवर पडून होती. अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

अर्धांगवायूनंतर आधी बबलवाली, म्हणजे छोट्या फुग्यांची, एअर गादी आणली होती. थोड्या दिवसांसाठी, हलक्या अंगाच्या माणसाला ती पुरते. आमची शिवणीवर उसवली आणि पॅच काही टिकेना. तेवढ्यात आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी. लगेच ट्यूबवाली घेतली. आडव्या ट्यूब एकाआड एक फुगतात आणि बसतात, साधारण दहा मिनिटांच्या चक्रात, त्यामुळे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. एखादी ट्यूब गेलीच तर तेवढीच बदलता येते, अख्खी गादी टाकावी लागत नाही.

चट्टा गेला. पण एकट्या गादीने नाही. दर दोन तासांनी वळवणं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणं हे सगळं चालूच होतं. पलंगाची डोक्याकडची बाजूही तीस अंशांच्या वर नेत नाही, कारण अंग खाली घसरलं की कातडी आतून ओढली जाते.

मध्यंतरी पंप बंद पडला. दुकानदार म्हणाला, रिपेअर होत नाही, नवा घ्या. किंमत ऐकून पंप उचलून घरी आणला. आमच्या गल्लीतल्या मिक्सरवाल्याने उघडला तर आतला रबरी डायाफ्राम, म्हणजे हवा ढकलणारा पडदा, फाटलेला, माशांच्या टाकीच्या पंपात असतो तसला. दीडशे रुपयांत काम झालं! तोवर दोनच तारे द्यायचे ठरवलं होतं; आता पंपाबद्दल तक्रार नाही. वीजही इतकी कमी खातो की गुरुवारी लाइट गेली तरी छोट्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो.

तक्रार आहे ती नळीची. टोक नुसतं खोचलेलं, ना आटे ना खटका. आणि हवा गेली तर वाजणारा बझर नाही. हॉस्पिटलातल्या महागड्या पंपांना दाब कमी झाल्याचा अलार्म असतो, मग घरगुती पंपात साधा बझर बसवायला काय हरकत आहे? ज्या माणसाला बोलता येत नाही, हलता येत नाही, त्याच्यासाठीच ही वस्तू बनवली आहे. आई सांगणार कशी, की खाली टोचतंय म्हणून?

आता नळी पट्टीने आवळून ठेवली आहे. शिवाय दर वेळी वळवताना गादीखालून माकडहाडाच्या जागी तळवा सरकवतो. अंग हाताला टेकलं नाही पाहिजे, मध्ये निदान इंचभर हवा हवी. मावशींनाही हे शिकवलंय. वर एकच पातळ चादर, तीही ताणून न खोचता. मायेपोटी गोधडी घातली तर गादीचा उपयोगच राहत नाही.

चार तारे. घ्यायला जाल तेव्हा दुकानातच पंप चालू करायला लावा आणि नळी हलकेच ओढून बघा. सहज निघाली तर दुसरा पंप मागा.