पाय-होल: जाहिरातींसाठी नाही, घरातल्या नावांसाठी

पाय-होल म्हणजे घरातच चालवायचा डीएनएस सर्व्हर, नाव विचारलं की त्याचा पत्ता सांगणारा. त्याच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक जाहिराती अडवण्याबद्दलच असतं. मला तो हवा होता वेगळ्याच कामासाठी: घरातली उपकरणं एकमेकांना नावाने सापडावीत. आठ महिने वापरल्यावर लिहिते आहे तेही त्याच कामाबद्दल.

मी घरूनच मुद्रितशोधन करते. सगळ्या फायली एका स्टोरेज बॉक्सवर, प्रिंटर वायफायवर. दोन लॅपटॉप आणि आईचा फोन यांना हे दोन्ही लागतात. आधी 'भांडार.लोकल' टाकलं की बॉक्स उघडायचा. हे एमडीएनएसचं काम. कुठल्याही सर्व्हरला न विचारता लॅपटॉप 224.0.0.251 या पत्त्यावर, 5353 पोर्टवर घरभर हाक मारतो, 'भांडार कोण?', आणि ज्याचं ते नाव तो ओ देतो. व्यवस्था सुंदर आहे. पण ही हाक मल्टिकास्ट असते, म्हणजे एकाच वेळी अनेकांना मारलेली; राउटरने ती पलीकडे जाऊ दिली नाही तर ऐकणार कोण? इंटरनेटवाल्यांनी राउटर बदलून दिला आणि तेच झालं. वायरने जोडलेला बॉक्स वायफायवरच्या लॅपटॉपला कधी दिसे, कधी नाही. आयपी पत्ता टाकला की मात्र लगेच उघडे. म्हणजे रस्ता शाबूत होता, नावच सापडत नव्हतं.

पाय-होल बसवणं सोपं आहे, 512 एमबी रॅमच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही चालतो. सेटिंग्जमधल्या 'लोकल डीएनएस रेकॉर्ड्स'मध्ये नाव आणि पत्ता भरायचा, झालं. इथे शेवटी '.लोकल' लावू नका, हे मी कळकळीने सांगेन. बऱ्याच लिनक्स मशीनवर .लोकलचं नाव फक्त एमडीएनएसकडे जातं आणि तिथे मिळालं नाही की शोध तिथेच संपतो, डीएनएसपर्यंत प्रश्न पोचतच नाही. घरगुती नेटवर्कसाठी 2018 च्या आरएफसी 8375 या इंटरनेट मानकाने 'होम.अर्पा' राखून ठेवलं आहे. टाइप करायला लांब आहे, पण मी तेच घेतलं.

दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बॉक्स पुन्हा गायब.

पाय-होलची खरी किंमत मला त्या सकाळी कळली, ती त्याच्या क्वेरी लॉगमुळे, म्हणजे कोणी कुठलं नाव विचारलं याच्या नोंदींमुळे. एका लॅपटॉपवर लॉग उघडा ठेवला आणि दुसऱ्यावर 'भांडार.होम.अर्पा' पुन्हा पुन्हा उघडत राहिले. आईच्या फोनच्या ओळी येत होत्या, प्रिंटरची एक आली, या लॅपटॉपची एकही नाही. पाय-होलने चुकीचं उत्तर दिलंच नव्हतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं! मग लॅपटॉप नाव कुणाला विचारतो ते दाखवणारी एनएसलुकअप ही आज्ञा चालवली. वरच 'सर्व्हर: अननोन' आणि त्याखाली एफई80 ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे राउटरचा आयपीव्ही6, नव्या पद्धतीचा आयपी पत्ता. उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीमध्ये डीएनएस म्हणून मी पाय-होल दिला होता, पण आयपीव्ही6 च्या बाजूने राउटर 'डीएनएस मीच' असं सांगत होता. लॅपटॉप कधी याला विचारायचा, कधी त्याला. राउटरच्या आयपीव्ही6 च्या पानावरची ती खूण काढली, वायफाय बंद करून चालू केलं आणि लॉगमध्ये भांडारची ओळ आली. त्या एका ओळीने जो जीव भांड्यात पडला!

दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता 'असू दे बॅकअपला' म्हणून भरणाऱ्यांचीही हीच गत होते. पहिला बंद पडेपर्यंत उपकरण दुसऱ्याकडे जाणारच नाही, याची खात्री नसते. बाहेरचा सर्व्हर 'असं नाव नाही' म्हणतो आणि उपकरण ते खरं धरतं. दुसऱ्या लॅपटॉपवर पिंग (बॉक्स ओ देतो का ते पाहणारी आज्ञा) चालायचं पण ब्राउझर नाही म्हणायचा, तिथे ब्राउझरमधलं सुरक्षित डीएनएस परस्पर बाहेर विचारत होतं. ते बंद केलं.

मर्यादाही आहेत. रास्पबेरी पाय बंद पडला की घरात कुणाचंच इंटरनेट चालत नाही, म्हणून तो मी राउटरच्याच इन्व्हर्टरवर ठेवला आहे. डीएचसीपी राउटरकडे ठेवलं तर नावं हाताने भरावी लागतात, आणि प्रत्येकाचा पत्ता राउटरमध्ये पक्का करावा लागतो, नाहीतर पत्ता बदलला की नोंद खोटी ठरते. पाय-होलकडेच डीएचसीपी दिलं तर उपकरणांनी सांगितलेली नावं आपोआप लागतात. माझ्याकडे मोजकीच उपकरणं, मला हाताने भरलेलं बरं वाटतं.

फोनच्या यादीत प्रिंटर आपोआप दिसणं हे काम अजूनही एमडीएनएसचंच, तिथे पाय-होलचा उपयोग नाही. त्यासाठी राउटरमधलं आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे मल्टिकास्ट हाक कुणाकडे जाऊ द्यायची हे ठरवणारी सोय, बंद करून पाहिलं आणि प्रिंटर आईच्या फोनवर परत आला. 'भांडार.लोकल'सुद्धा तेव्हापासून नीट उघडतं. तरी नावं मी पाय-होलमध्येच ठेवली आहेत. .लोकलची हाक अडली तर ती कुठे अडली, हे मला कुठल्याच पानावर वाचता येत नाही, इथे येतं.