डॅलस डीएस१२८८७ च्या जागी बसणारा सीआर२०३२ बोर्ड

डीएस१२८८७ म्हणजे जुन्या ३८६-४८६ कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरची, तारीख-वेळ आणि सेटिंग्ज जपणारी चिप. तिच्या काळ्या ठोकळ्यात घड्याळ, क्रिस्टल आणि लिथियम सेल इपॉक्सीत कायमचे बंद केलेले असतात. सेलचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, म्हणून त्या काळातले बहुतेक ठोकळे आता मेलेले आहेत. डीएस१२८८५ चिप, ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल आणि सीआर२०३२ या बटण सेलचा होल्डर असलेला हा बोर्ड त्यावरचा सगळ्यात सरळ उपाय आहे.

ठोकळा कोरून १६ आणि २० नंबरच्या पिनांना बाहेरून सेल जोडता येतो, पण आतला मेलेला सेल नीट तोडला नाही तर तो नव्या सेललाही संपवतो. 'नवी' म्हणून विकली जाणारी डॅलस चिपही जपून घ्या. तिच्यावर ९५२७ असा आकडा असेल, तर ती १९९५ च्या २७ व्या आठवड्यातली आहे.

बोर्ड निवडताना आधी पिना पाहा. चौकोनी हेडर पिना ०.६४ मिमी जाडीच्या असतात. त्या सॉकेटमध्ये दाबल्या की आतल्या पट्ट्या फाकतात आणि पुन्हा मूळ चिप बसवली तर ती सैल राहते. गोल, बारीक पिनांचाच बोर्ड घ्या. सेलच्या वाटेत जादा डायोड नको. उलट चार्जिंगपासून संरक्षण चिपमध्येच असतं, डायोडने फक्त व्होल्टेज पडतं. क्रिस्टलभोवती फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या रसायनाचा) चिकट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर तिथून करंट गळतो आणि घड्याळ चुकतं. अल्ट्रासोनिक क्लीनर मात्र वापरू नका, त्याने क्रिस्टल खराब होऊ शकतो.

मशीन अजून सेटअपपर्यंत (सुरू होतानाच्या सेटिंग्जच्या स्क्रीनपर्यंत) जात असेल, तर हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे आकडे आधी लिहून घ्या, चिप काढली की ते पुसले जातात. चिप थेट सोल्डर केलेली असेल तर १२ नंबरची ग्राउंड पिन सगळ्यात जास्त छळते, कारण आतला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो. तिथे ताजं सोल्डर लावून मगच ओढा. जोर केलात तर भोकातला तांब्याचा मुलामा पिनेबरोबर निघून येतो. मग २४ पिनांचं रुंद सॉकेट लावा आणि बोर्डची खाच जुन्या खुणेकडे ठेवा. उलटा बसला तर चिप जाते. सॉकेट आणि सेल मिळून उंची वाढते, त्यामुळे वरून लांब आयसा कार्ड (जुन्या स्लॉटमधलं जोडकार्ड) जात असेल तर जागा आधी मोजा.

सेटअपमध्ये तारीख-वेळ भरून सेव्ह करा. आयबीएम पीएस/२ मशीनवर १६१ किंवा १६३ हा एरर कोड दिसला, तर मशीनसोबतच्या रेफरन्स डिस्कनेच (सेटअपच्या फ्लॉपीने) कॉन्फिगरेशन करावं लागतं. शेवटी प्लग काढून मशीन रात्रभर ठेवा आणि सकाळी वेळ तपासा. बॅकअपवर चिप अर्ध्या मायक्रोॲम्पच्या आसपासच घेते, त्यामुळे २२० मिलिॲम्प-तासांचा सेल वापराने नाही, वयानेच संपतो. आणि तो संपला की फक्त सेल बदलायचा, सोल्डरिंगला हात लावायची गरज नाही.