द वुड्स आर ऑलवेज वॉचिंग : हळू चालतं तोवरच खरी भीती

आधीच सांगते, पहिल्या पन्नास पानांत रक्त पाहिजे असेल तर हे पुस्तक घेऊच नका. स्टेफनी पर्किन्सची ही यंग अडल्ट, म्हणजे टीनएजर वाचकांसाठीची, हॉरर थ्रिलर कादंबरी, २०२१ ला आलेली, आणि वाचलेल्या कुणालाही विचारा, एकच तक्रार ऐकू येते की निम्मं पुस्तक संपत आलं तरी काही घडतच नाही. तक्रार खोटी नाहीये. फक्त माझं झालं उलटं, म्हणजे जिथे काही घडत नाही तिथेच माझी जास्त टरकली आणि एकदा धडाधड घडायला लागल्यावर मी जरा निवांतच झाले.

गोष्ट एवढीशीच आहे. नीना आणि जोसी, शाळेपासूनच्या जिवलग मैत्रिणी, वर्गात दोघींना कुणी फारसं विचारत नाही म्हणून एकमेकींना घट्ट धरून राहिलेल्या. आता कॉलेज सुरू होणार आणि दोघींमध्ये तब्बल २००० मैलांचं, म्हणजे ३२०० किलोमीटरचं अंतर पडणार. त्याआधी शेवटचं एकदा सोबत म्हणून तीन दिवसांचा ट्रेक, नॉर्थ कॅरोलिनातल्या पिस्गा नॅशनल फॉरेस्टमध्ये. अनुभव दोघींनाही नाही. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण पुस्तकाच्या जाहिरातीतच म्हटलंय की या जंगलात शिकार करणारी फक्त अस्वलं नाहीत, त्यामुळे एवढं कळलं तर स्पॉयलर म्हणू नका प्लीज.

तर मग निम्मं पुस्तक भरलंय कशाने? चालण्याने आणि भांडणाने. पाठीवरचं ओझं, दमलेले पाय, आणि त्यात कोण मुद्दाम पुढे पुढे चालतंय, कोण "मला काही नाही झालंय" म्हणत तोंड पाडून बसलंय. उघड भांडण लवकर होतच नाही. एक जण काहीतरी साधं बोलते, दुसरी त्यातला टोमणा बरोब्बर उचलते, मग बराच वेळ दोघी गप्प, आणि आपण वाचताना मनात म्हणत राहतो की अगं बोल ना एकदाचं. जी लांब चाललीय तिला मागे राहणारीसमोर आनंद दाखवता येत नाही, आणि मागे राहणारीला तिचं ते लपवणंही दिसतंय, हे असलं गुंतागुंतीचं काम पर्किन्सला फार छान जमतं. जमणारच म्हणा, नाव झालं ते टीनएज लव्हस्टोऱ्या लिहून, २०१० पासून तेच करत होती बाई. हॉररमध्ये नंतर आली. २०१७ च्या तिच्या स्लॅशरवर, म्हणजे एकामागोमाग खून पडणाऱ्या हॉरर कादंबरीवर, नेटफ्लिक्सने पुढे सिनेमाही काढला, आणि त्या पुस्तकात तर पहिल्याच प्रकरणात खून पडतो. म्हणजे पटकन सुरुवात करता येत नाही असं नाहीच, इथे तिने जाणूनबुजून ताटकळत ठेवलंय.

आणि हे भांडण टाइमपास नाहीये, पुढचं सगळं त्यातूनच निघतं. दोघी वाट सोडतात ती आपसातल्या तणावामुळे. एकीने हट्ट करायचा, दुसरीने आत्ता नको म्हटलं तर परत वाद म्हणून मान डोलवायची, मैत्रीत किती वेळा होतं हे. बऱ्याच जणांना या पोरी इरिटेटिंग वाटल्यात, मूर्खासारखे निर्णय घेतात वगैरे. अहो, शाळेतून नुकत्या सुटलेल्या पोरी आहेत, भांडलेल्या आहेत, दमलेल्या आहेत, त्या काय नकाशा काढून शांतपणे चर्चा करणार आहेत का.

जंगलाबद्दल सांगायलाच पाहिजे. लेखिका स्वतः नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातच राहते आणि पिस्गा हे खरंखुरं जंगल आहे, ॲपालाचियन डोंगररांगांतलं, १९१६ मध्ये नॅशनल फॉरेस्ट झालेलं, ५ लाख एकरांच्या वर पसरलेलं. मी वाचता वाचता त्याची माहिती काढत बसले आणि तिथे जास्तच घाबरले. त्यातला शायनिंग रॉक नावाचा पट्टा १९६४ च्या कायद्याने वाइल्डरनेस म्हणून राखलाय, आणि असल्या भागात माणसाच्या खुणा कमीत कमी ठेवायच्या म्हणून झाडांवर वाट दाखवणारे रंगाचे पट्टेसुद्धा मारत नाहीत. धुकं उतरलं की संपलंच. पिस्गाच्या काही भागांत रात्रीचा मुक्काम करायचा तर खाण्याच्या वस्तू अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात ठेवणं बंधनकारक आहे, कारण काळं अस्वल माणसाच्या मागे लागत नाही, वासावर येतं. हे सगळं डोक्यात ठेवून तंबूतल्या रात्रीचा भाग वाचा. कापडाच्या पलीकडे फांदी मोडल्याचा आवाज, आतल्याला दिसत काहीच नाही, आणि अस्वल असेल तर बरं असं वाटायला लागतं, इथे पुस्तक खरं जिंकलंय.

उत्तरार्धात मात्र माझा हिरमोड झाला. भूतबित काही नाही, धोका माणसांचा आहे, त्याला हरकत नाही, पण वाईट माणसं नुसती वाईट आहेत, त्यांच्यात बघण्यासारखं काही नाही. समोर आली की भीती कमी होते आणि किळस वाढते. वेग प्रचंड वाढतो, पानं भराभर उलटतात, मारामारी, पळापळ, जखमांची वर्णनं अंगावर येतात, सगळं आहे. पण इतकी निगुतीने उभी केलेली ती मैत्रीची कुरबुर, तिचा निकाल या धावपळीत परस्पर लागून जातो. संकटात सापडल्या म्हणून रुसवा संपला, एवढ्यावर मला तरी भागलं नाही. शेवटही घाईत गुंडाळलाय असं वाटलं.

वाचायचं ठरवलंत तर पूर्वार्ध तुकड्यातुकड्यात, फोन बघत बघत वाचू नका, टोमणे निसटतात आणि मग खरंच नुसतं चालणं उरतं. रात्री सलग बसा. इंग्रजी सोपं आहे, अडखळायला होत नाही. पाचपैकी साडेतीन देईन, त्यातले जवळजवळ तीन पहिल्या भागाचे.

आणि हो, यंग अडल्ट लिहिलंय म्हणून सातवी-आठवीतल्या पोरांच्या हातात देऊ नका. मुलींवरच्या हिंसेचा भाग चांगलाच जड आहे, मोठ्यांनीसुद्धा तयारीने वाचावा असा.