पेठेतली गिरणी: साडेचार स्टार
सदाशिव पेठेत आमच्या गल्लीतली ही गिरणी, बोर्डावरची अक्षरं कधीच उडालीयेत पण पिठाच्या वासानं सापडते. मधे वर्षभर मी मॉलमधूनच पाकिटं आणत होते, एकावर एक फ्री होतं ना. त्यातलं बाजरीचं पीठ घरी येऊन फोडलं तर कडू! बाजरीत तेल जास्त, दळून फार दिवस ठेवली की कडवट होते हे आईनं शंभरदा सांगितलेलं, पण ऐकतंय कोण. परत डबा घेऊन काकांकडे गेले तर एक टोमणा नाही, फक्त "भाकरीला का खिचड्याला?" एवढंच, कारण खिचड्याला भरड लागते. चकलीची भाजणी नेली तेव्हा म्हणाले आत्ता गहू चालूये, थांबा जरा, हरभरा डाळ झाली की त्यावर घेतो, गव्हावर दळली तर चकली बिघडते. हे कुठल्या पाकिटावर लिहिलेलं असतं सांगा. दिवाळीत रांग मात्र भयंकर, माझा दीड तास गेला, आणि युपीआय आहे पण आत रेंज नाही त्यामुळे सुट्टे न्या, अर्धा स्टार त्याचाच कापलाय. दुपारी एक ते चार बंद. पुणंच आहे शेवटी.