युरोपातले खेळाचे आकडे: युरोबॅरोमीटर आणि युरोस्टॅट, तुलना करायच्या आधी हे वाचा

युरोपियन युनियनचं आकडेवारीचं ऑफिस म्हणजे युरोस्टॅट, त्यांच्या वेबसाइटवर खेळाचा वेगळा विभाग आहे. शिवाय युरोपियन कमिशन दर चारपाच वर्षांनी युरोबॅरोमीटरचा खेळ आणि व्यायामावरचा खास सर्व्हे काढतं. दोन्ही फुकट. कुठल्या देशात किती लोक खेळतात, किती लोक स्टेडियमवर जाऊन मॅच बघतात हे ज्यांना हवं असतं (पत्रकार, क्रीडा शिक्षक, प्रोजेक्ट करणारी मुलं) त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली सांगते.

आधी युरोबॅरोमीटर. याची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे सगळ्या देशांत प्रश्न एकच, वय एकच (१५ वर्षं आणि पुढे), साधारण एकाच वेळी विचारलेला. तुम्ही व्यायाम किंवा खेळ किती वेळा करता, एवढंच. २०२२ च्या फेरीत ४५ टक्के लोकांनी सांगितलं की आम्ही कधीच नाही. आठवड्यातून एकदा तरी करणारे ३८ टक्के. फिनलंड सगळ्यात वर, ७१ टक्के, आणि पोर्तुगालमधे ७३ टक्के लोक म्हणतात कधीच नाही. म्हणजे 'युरोपात सगळे खेळतात' असं जे आपल्याकडे दर ऑलिम्पिकनंतर ऐकायला मिळतं ते एका सर्व्हेतच निकालात निघतं, युरोपातच दोन टोकं आहेत. यासाठी मला हा सर्व्हे खरंच मोलाचा वाटतो.

आता सांभाळून वापरायच्या जागा. एक म्हणजे सॅम्पल, बहुतेक देशांत हजाराच्या आसपास माणसं (छोट्या देशांत त्याहून कमी), म्हणजे आकडा सहज तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे डेन्मार्क ५९ आणि नेदरलँड्स ६० असं दिसलं म्हणून कोण पुढे कोण मागे असं अजिबात लिहू नका. दुसरं म्हणजे सायकल. कामाला, बाजाराला सायकलवर जाणं, नाचणं, बागकाम हे इथे खेळात धरत नाहीत, त्याचा वेगळा प्रश्न आहे, 'इतर शारीरिक हालचाल' म्हणून. आणि तिसरं म्हणजे वर्षावर्षांची तुलना. 'कधीच नाही' वाले २००९ ला ३९ टक्के, २०१३ ला ४२, २०१७ ला ४६, २०२२ ला ४५. दिसायला सरळ रेघ दिसते, पण २०१३ ला क्रोएशिया आत आलेला आणि २०२२ ला ब्रिटन बाहेर गेलेलं, शिवाय मधे कोविड, त्यामुळे सरासरी कोणत्या देशांची आहे ते प्रत्येक वेळी बघायलाच हवं. स्वीडन आठवड्याला एकदा तरी या मापात २०१३ ला ७० टक्के होतं ते २०२२ ला ५९, एवढी मोठी घसरण मात्र सॅम्पलच्या चुकीत बसत नाही, त्यावर कोणीतरी नीट लिहायला हवं असं मला वाटतं.

युरोस्टॅटच्या विभागात याच विषयाचे आकडे वेगळ्या सर्व्हेतून येतात, आरोग्याच्या मुलाखतींमधून, आणि तिथे मोजमाप मिनिटांचं आहे. आठवड्याला १५० मिनिटं खेळ, फिटनेस वगैरे, आणि गंमत म्हणजे इकडे प्रवासाची सायकल धरतात. २०१९ ला १५० मिनिटं पूर्ण करणारे तिघांत एकाच्या आसपास होते. आता हा आकडा आणि वरचे ३८ टक्के शेजारी शेजारी ठेवून 'वाढ झाली' असं लिहिलं तर ते सरळ सरळ चूक आहे, दोन्ही खरे आहेत पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. टेबलमधे आकड्याशेजारी छोटं अक्षर असतं, बी म्हणजे इथे मोजण्याची पद्धत बदलली, यू म्हणजे आकडा फार भरवशाचा नाही. एक्सेलमधे उतरवताना ही अक्षरं गाळू नका प्लीज, अख्ख्या साइटवरची सगळ्यात प्रामाणिक गोष्ट तीच आहे.

व्याख्येने किती फरक पडतो हे बघायचं असेल तर इंग्लंड घ्या. स्पोर्ट इंग्लंड या सरकारी संस्थेचा जुना सर्व्हे होता अ‍ॅक्टिव्ह पीपल, २००५ पासूनचा, फोनवर चालायचा. त्यात आठवड्यातून एकदा ३० मिनिटं खेळणारे साधारण ३६ टक्के निघायचे, आणि हा आकडा अर्धा टक्का वरखाली झाला तरी पेपरात बातमी यायची. नोव्हेंबर २०१५ पासून त्यांनी अ‍ॅक्टिव्ह लाइव्हज सुरू केला, घरी पत्र पाठवून ऑनलाइन किंवा कागदावर भरून घ्यायचा, आणि माप झालं आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, त्यात चालणं आलं, सायकलवर कामाला जाणं आलं, डान्स आला. झालं, 'अ‍ॅक्टिव्ह' लोक ६० टक्क्यांच्या वर. त्याच सुमारास, त्याच देशात, लोकांनी काहीही वेगळं केलेलं नसताना. अजून बारीक गोष्ट म्हणजे त्याच सर्व्हेतून आरोग्य खातं जो आकडा काढतं त्यात बागकाम धरतात आणि स्पोर्ट इंग्लंडच्या आकड्यात धरत नाहीत. सॅम्पल मात्र जबरदस्त, वर्षाला दीड लाखाच्या वर माणसं, त्यामुळे छोट्या छोट्या भागांचे आकडे मिळतात जे युरोबॅरोमीटरमधून कधीच मिळणार नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की देशादेशांत तुलना करायची तर युरोबॅरोमीटर घ्या आणि एका देशाच्या आत खोलात जायचं तर त्या देशाचा स्वतःचा सर्व्हे घ्या, दोघांचे आकडे एका तक्त्यात कोंबू नका.

अमेरिकेत तर खेळाच्या सामानाच्या धंद्यातल्या दोन संघटना आपापले आकडे काढतात, एकीत ६ वर्षांपासूनची माणसं आणि वर्षात एकदा खेळलं तरी खेळाडू, दुसरीत ७ वर्षांपासून आणि एकापेक्षा जास्त वेळा. ऑस्ट्रेलियाचा खेळाचा सर्व्हे, ऑसप्ले, चांगला आहे पण २०२३ च्या मध्यात फोनवरून ऑनलाइनवर गेला, आधीचे आणि नंतरचे आकडे जोडता येत नाहीत आणि ते स्वतःच तसं सांगतात.

आता कापलेला स्टार. तो प्रेक्षकांच्या आकड्यांसाठी. युरोस्टॅटकडे आहे ते २०१५ च्या राहणीमानाच्या सर्व्हेतलं, गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष जाऊन सामना बघितला का, आणि नंतर २०२२ ला परत विचारलं. मधे सात वर्षं काही नाही! आणि इथे मोजली जातात माणसं, तर क्लब आणि लीग जे छापतात ती असते हजेरी. फरक फार मोठा आहे. डिसेंबर २०२४ ची मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट आठवा, आपण हरलो ती, पाच दिवसांत ३,७३,६९१ प्रेक्षक, १९३७ चा ३,५०,५३४ चा विक्रम मोडला. पण जो माणूस पाचही दिवस आला तो पाच वेळा मोजला गेला. म्हणजे पावणेचार लाख माणसांनी क्रिकेट बघितलं असं म्हणता येत नाही, आणि १९३७ चा सामना सहा दिवस चाललेला हेही विसरून चालत नाही.

त्यात परत तिकीट विकलं गेलं ते मोजायचं की गेटमधून आत आलेलं डोकं मोजायचं हा वाद. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधे सहसा विकलेली तिकिटं जाहीर होतात, सीझन तिकीटवाला पावसामुळे घरी बसला तरी तो 'उपस्थित'. अमेरिकेच्या बेसबॉलमधे तर एकाच खेळाच्या दोन लीग, अमेरिकन लीग विकलेली तिकिटं मोजायची आणि नॅशनल लीग गेटवरची माणसं, १९९३ ला नॅशनलनेही तिकिटं मोजायला घेतली. म्हणजे १९९२ आणि १९९३ ची तुलना करून बेसबॉलची लोकप्रियता वाढली म्हणणारा माणूस चुकतोय हे सांगायला एक तळटीप लागते, आणि बहुतेक ठिकाणी तीच नसते. युरोस्टॅटने लीगकडून हजेरी कशी मोजता एवढं जरी देशवार विचारून एका पानावर टाकलं तरी मी पाचवा स्टार लगेच देईन.

आपल्याकडचं विचाराल तर सगळ्यात जवळचं म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा टाइम यूज सर्व्हे (लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याचा), २०१९ आणि २०२४ चा, ६ वर्षांपासूनची साडेचार लाखांच्या आसपास माणसं. त्यात संस्कृती, विश्रांती, मास मीडिया आणि खेळ असा एकच मोठा गट आहे, २०१९ ला दिवसाचा ९.९ टक्के वेळ आणि २०२४ ला ११ टक्के. हे बघून भारतात खेळ वाढला असं लिहिलेलं वाचलं की जीव तळमळतो, कारण याच गटात टीव्ही आणि मोबाइल बघणं आहे आणि नुसतं आराम करणंही आहे! खेळ आणि व्यायामाचा कोड आत वेगळा आहे, ८३, आणि सामना किंवा कार्यक्रम बघायला जाण्याचा ८१. आणि हा सर्व्हे आदल्या पहाटे चारपासून पुढच्या चोवीस तासांचं विचारतो, आठवड्याचं नाही, त्यामुळे रविवारीच क्रिकेट खेळणारा माणूस मंगळवारच्या मुलाखतीत खेळाडू म्हणून दिसणारच नाही. फिनलंडच्या ७१ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवायचाच नाही.

पण या सर्व्हेचा माणसागणिक डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवरून रजिस्टर करून फुकट मिळतो, महाराष्ट्र वेगळा काढता येतो, गावं आणि शहरं, मुली आणि मुलगे वेगळे काढता येतात. पुण्यामुंबईत, कोल्हापुरात स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या कोणी ८३ नंबरचं महाराष्ट्राचं टेबल काढून मराठीत टाकलं तर मला लिंक नक्की पाठवा, आणि खाली वय किती, दिवस कोणता, प्रश्न काय होता ते लिहायला विसरू नका.