पट्टीचा रंग बदलला, इन्फेक्शन तसंच राहिलं

बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीमार्गातल्या जंतूंचा तोल बिघडून होणाऱ्या इन्फेक्शनसाठी डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना जोडीला इंटिमेट वॉशचं (त्या जागेच्या स्वच्छतेसाठी विकल्या जाणाऱ्या द्रवाचं) किट घ्या, असा आग्रह तुम्हाला कोणी करत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझ्याकडून असेच पैसे उकळले गेले. पण पैशांपेक्षा जास्त संताप मला याचा आहे की, त्या लोकांनी माझा आजार लांबवला.

मला अंगावरून पातळ, करडट पांढरं जात होतं आणि मासळीसारखा वास येत होता. नाशिकमधल्या माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी स्राव काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली तपासला आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, 7 दिवस. बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही, असं बजावूनही सांगितलं.

त्याच सुमारास मोबाईलवर ‘स्त्रियांसाठी मोफत सल्ला’ अशी जाहिरात आली. फॉर्म भरला आणि लगेच एका बाईंचा फोन. बोलणं अगदी मायेचं. “ताई, मोकळेपणानं सांगा, मीपण बाईच आहे.” ज्या गोष्टी आपण सख्ख्या बहिणीशीही चाचरत बोलतो, त्या कोणी इतक्या आपुलकीनं विचारल्या की मन सैल होतंच. या धंद्याचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

त्या म्हणाल्या, अँटिबायोटिक वाईट जंतूंबरोबर चांगलेही मारतं, म्हणून हा त्रास उलटतो. तीन दिवस गोळ्या पुरे, पुढे आमचा वॉश सिरिंजनं आत सोडायचा. मी ऐकलं. त्यांच्या या सगळ्या सूचना व्हॉट्सॲपवर, व्हॉइस मेसेजमध्ये. किटमध्ये वॉशच्या बाटल्या, बिनसुईची सिरिंज आणि पीएच (आम्लतेचं माप, आम्ल जास्त तितका आकडा कमी) तपासायच्या पट्ट्या होत्या.

खरी फसवणूक या पट्ट्यांची. पहिल्या दिवशी वॉश वापरण्याआधी पट्टी लावायला सांगितली. रंग गडद आला. मग वॉश वापरून थोड्या वेळानं दुसरी पट्टी. रंग उतरला, पिवळट झाला. फोटो पाठवताच उत्तर आलं, “बघा ताई, इन्फेक्शन निघायला लागलं!” पाळी संपत आली तेव्हा पुन्हा पट्टी लावायला लावली. रंग परत गडद. “मुरलेलं आहे, मोठा पॅक लागेल.” मी मोठा पॅक मागवला.

वास काही दिवस त्या वॉशच्या सुगंधाखाली दबला आणि मग पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागला. वर आग व्हायला लागली. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी पट्टीचं कोडं सोप्या शब्दांत सोडवलं. निरोगी योनीमार्गाचा पीएच साधारण 3.8 ते 4.5 असतो, कारण तिथले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू लॅक्टिक ॲसिड तयार करतात. या आजारात ते कमी होतात, गार्डनेरेलासारखे दुसरे जंतू माजतात आणि पीएच 4.5 च्या वर जातो. वॉशमध्ये लॅक्टिक ॲसिड घातलेलंच असतं. तो आत सोडून लगेच पट्टी लावली, तर पट्टी वॉश मोजते. आणि रक्ताचा पीएच 7.4 च्या आसपास, म्हणून पाळीच्या दिवसांत पट्टी गडद येणारच. पुरुषाच्या वीर्यामुळेही तेच होतं. म्हणजे कधी पट्टी लावायला सांगायची हे ज्याच्या हातात, रंगही त्याच्याच हातात.

चांगले जंतू मरतात हा दावाही खोटा निघाला. मेट्रोनिडाझोलचा लॅक्टोबॅसिलसवर फारसा परिणाम होत नाही. हा आजार पुन्हा उद्भवतो हे खरं आहे, अनेकींना वर्षाच्या आत उद्भवतो, आणि त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडून बाकीचं सगळं विकलं गेलं. आत धुण्यानं मात्र धोका वाढतोच. ब्रिटनमध्ये 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि आत लावायचं लॅक्टिक ॲसिड जेल यांची तुलना झाली. दोन आठवड्यांनी लक्षणं गेलेल्या स्त्रिया गोळ्यांच्या गटात 70 टक्के होत्या, जेलच्या गटात 47 टक्के. ते तर औषध म्हणून तपासलेलं जेल होतं, सुगंधी वॉश नव्हे.

फोनवरच्या बाई सारखं ‘स्वच्छता कमी पडते’ म्हणायच्या. हे ऐकून किती जणी मान खाली घालत असतील! हा अस्वच्छतेचा आजार नाही. ऑस्ट्रेलियातल्या 2025 च्या अभ्यासात जोडीदार पुरुषालाही औषध दिलं, तेव्हा आजार परत येण्याचं प्रमाण 63 वरून 35 टक्क्यांवर आलं. धुण्याचा उपदेश मात्र कायम बाईलाच.

गरोदर असाल तर जास्तच जपा, कारण या आजारात वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. तपासणीला जाण्याआधी आतून काही धुऊ नका, नाहीतर डॉक्टरांना नमुन्यात खरं चित्र दिसत नाही. बाहेरची जागा साध्या पाण्यानं धुतली तरी पुरते. खाज आणि दह्यासारखं घट्ट पांढरं असेल, तर ते बहुतेक बुरशीचं इन्फेक्शन असतं आणि त्याचं औषध वेगळं, म्हणून मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका.

पैसे परत मागितल्यावर कंपनीनं सांगितलं, सील फोडलेला माल परत घेत नाही. मग मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेव्हा माझ्या हाताशी दोन गोष्टी होत्या. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं ‘फक्त बाह्य वापरासाठी’, आणि त्याच कंपनीच्या बाईंचा ‘सिरिंजनं आत सोडा’ म्हणणारा व्हॉइस मेसेज. दोन्ही जोडून पाठवल्यावर कंपनीनं न उघडलेल्या बाटल्यांचे पैसे परत केले. बाकीचे बुडाले. तुमच्याकडे असं काही आलं असेल तर बाटली फेकू नका, चॅट डिलीट करू नका, बिल जपून ठेवा. आणि गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. माझ्या डॉक्टरांनी एका शब्दानं बोल लावला नाही, कोर्स पहिल्यापासून दिला, आणि या वेळी मी तो पूर्ण केला.