थोरोंग ला ओलांडताना: काठमांडूतल्या एका ट्रेक-सेवेचा अनुभव

अन्नपूर्णा परिक्रमेसाठी काठमांडूतल्या ज्या संस्थेकडे आम्ही चौघांनी नोंदणी केली होती, तिच्या सेवेबद्दल लिहिताना मी सगळ्या दिवसांचा हिशेब मांडणार नाही. बेसीसहर ते मानांग या टप्प्यात वाट ठळक आहे आणि गावोगावी टी-हाउस, म्हणजे राहण्याजेवणाची सोय असलेली घरगुती विश्रामगृहे, आहेत, त्यामुळे सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला तो भाग स्वतःच्या जबाबदारीवरही जमण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना गाइड सक्तीचा केला, ही गोष्ट निराळी. आपण पैसे नेमके कशाचे मोजले, हे कळते ते ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला खिंड ओलांडायच्या दिवशी, म्हणून हे परीक्षण त्या एका दिवसाचे आहे.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. आदल्या दुपारी आम्ही खिंडीच्या पायथ्याच्या थोरोंग फेदीहून त्यावरच्या हाय कॅम्प या मुक्कामाला पोहोचलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता. ओझे स्वतःच वाहायचे ठरवल्यामुळे आम्ही हमाल घेतला नव्हता आणि पाणी धरून प्रत्येकाची सॅक साडेदहा किलोंच्या आसपास भरत होती. संध्याकाळी लसणाचे सूप घेऊन झाल्यावर गाइडने चौघांचीही बोटे ऑक्सिमीटरमध्ये धरली, आकडे वहीत उतरवले आणि प्रत्येकाला डोके दुखते का, जेवण गेले का, हे वेगवेगळे बोलावून विचारले. सगळ्यांसमोर विचारले की कोणी खरे सांगत नाही, हे त्याचे कारण मला पटले. आमच्यातल्या एकाने डोकेदुखी मानांगपासून लपवली होती आणि ती तेव्हाच बाहेर आली. मानांगला हंगामात दुपारी होणारे उंचीच्या आजारावरचे डॉक्टरांचे व्याख्यान आम्ही चौघांनीही मन लावून ऐकले होते, तरीही ही लपवाछपवी झालीच. गाइडने त्याला रात्रभर नजरेखाली ठेवले आणि सकाळी दुखणे राहिले तर सरळ खाली फेदीला उतरायचे, असे तेव्हाच बजावून ठेवले.

तक्रारीची बाब याच रात्री समोर आली. संस्थेच्या यादीत प्रत्येकी एक जोडी मायक्रोस्पाइक (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटावर चढवायचे रबरी पट्ट्याचे लोखंडी दात), असे स्पष्ट लिहिले होते आणि त्यांचे भाडे वेगळे आकारले होते. काठमांडूत त्या जोड्या आम्हाला बंद पिशव्यांत मिळाल्या आणि आम्ही त्या तशाच सॅकच्या तळाशी कोंबल्या, ही आमची चूक. हाय कॅम्पवर पिशव्या उघडल्या तेव्हा एका जोडीचे रबर टाचेपाशी चिरलेले निघाले. बुटावर चढवताच ते तुटून हातात आले. गाइडने काही न बोलता स्वतःची जोडी काढून दिली आणि आपल्या बुटांना सुतळीचे वेढे घातले. त्याच्या माणुसकीबद्दल शंका नाही, परंतु संस्थेने सामान तपासून दिले असते तर त्या माणसावर ही वेळ आली नसती. या एका मुद्द्यावर मी संस्थेला अजिबात सवलत देणार नाही.

निघायची वेळ पहाटे चारची ठरली होती. खिंडीत नऊ-दहानंतर वारा इतका चढतो की उभे राहणे कठीण होते, म्हणून अंधारात निघण्याची इथे रीतच आहे. साडेतीनला आम्ही तयार होऊन बसलो, बाजूच्या दोन तुकड्या हेडटॉर्च लावून निघूनही गेल्या, पण आमचा गाइड दारात उभा राहून वर पाहत राहिला. आभाळ निरभ्र होते, मात्र चांदण्यात कड्यावरून हिमाचा धुरळा उडताना दिसत होता. तो पाच वाजेपर्यंत थांबला, धुरळा बसला तेव्हाच त्याने सॅका उचलायला सांगितल्या. दुखणेकऱ्याची डोकेदुखी तोवर उतरली होती. त्याचे आकडे पुन्हा पाहूनच त्याला सोबत घेतले. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या जोराने याच परिसरात हिमवादळ झाले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेची चर्चा गाइडने स्वतःहून कधी काढली नाही, पण थांबण्याचा तो तास मी त्याच हिशेबात धरतो. घाईत असलेल्या गिऱ्हाइकासमोर थांबू शकणारा माणूस हीच या सेवेची खरी किंमत आहे, असे माझे मत झाले.

पुढचे तीन तास ‘बिस्तारै, बिस्तारै’ या एका शब्दावर गेले. बिस्तारै म्हणजे हळू. कळसूबाईला दोन तासांत जाणाऱ्या आमच्यासारख्यांना हा वेग सुरुवातीला अपमानास्पद वाटतो, पण जिथे हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो तिथे पायांतल्या जोराला फारसा अर्थ उरत नाही. वीस पावले, थांबा, पुन्हा वीस पावले. माझ्या पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या अर्ध्या तासातच गोठली. गाइडने आदल्या रात्री बाटल्यांत उकळते पाणी भरून त्या सॅकमध्ये उलट्या ठेवायला लावल्या होत्या, कारण बर्फ वरून धरतो आणि बाटली उलटी असली की झाकणाचे तोंड मोकळे राहते. त्या दिवशी आम्ही प्यायलो ते हेच पाणी. वाटेतल्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटे, खिंडीतल्या पताकांच्या ढिगाऱ्यापाशी पंधरा मिनिटे, याहून जास्त त्याने कुठे बसू दिले नाही. छायाचित्रांची हौस असणाऱ्यांना हे खटकेल; मला खटकले नाही.

उतरणीबद्दल मात्र संस्थेच्या माहितीपत्रकात एक ओळही नाही, आणि ती असायला हवी होती. खिंडीतून मुक्तिनाथपर्यंत सुमारे १,६०० मीटर उतरावे लागते, म्हणजे एका दिवसात साधारण अख्ख्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची उतरायची, तीही वरच्या भागात पायाखाली घट्ट बर्फ आणि खाली निसरडा मुरूम असताना. दोन काठ्यांशिवाय हे करू नये. माझे गुडघे मुक्तिनाथच्या मंदिरातल्या पाण्याच्या १०८ धारा दिसेपर्यंत बोलायला लागले होते. गावात आपल्याकडून आलेला यात्रेकरूंचा एक जथा भेटला. ते जोमसोमहून गाडीने आले होते आणि आमच्या पाठीवरच्या सॅका पाहून एका आजींनी ‘एवढं ओझं घेऊन कुठून आलात रे बाळांनो?’ असे विचारले. खिंडीकडे बोट दाखवल्यावर त्यांनी आम्हा चौघांच्या हातांवर प्रसादाचे खोबरे ठेवले.

काठमांडूला परतल्यावर स्पाइकची तक्रार लेखी दिली. संस्थेने त्या जोडीचे भाडे त्याच दिवशी परत केले आणि आम्ही ते गाइडच्या बक्षिशीत घातले. दर इतर संस्थांच्या मानाने किंचित जास्त आहे, राहण्याजेवणाचा खर्च त्यात धरलेला नाही, आणि भारतीयांना अन्नपूर्णा क्षेत्राच्या परवान्यासाठी सार्क देशांचा १,००० नेपाळी रुपयांचा सवलतीचा दर लागतो हे त्यांनी आपणहून सांगितले. यांच्याकडून पुन्हा जायचे झाले तर मी तोच गाइड मागून घेईन, आणि स्पाइकची पिशवी दुकानातच उघडून, बुटावर चढवून, फरशीवर चार पावले टाकल्याशिवाय बाहेर पडणार नाही.